डब्ल्यूगेटच्या कायमच्या सेटिंग: फाइल लिहिण्याआधीची तयारी

ग्नू डब्ल्यूगेट ही इंटरनेटवरून फाइली उतरवणारी कमांड आहे. तिची वैयक्तिक सेटिंग फाइल होम फोल्डरमध्ये असते आणि त्या फाइलीचे नाव टिंबाने सुरू होते: ‘.डब्ल्यूगेटआरसी’. तिच्यातली ओळ तुम्ही हाताने टाइप केलेल्या कमांडला लागू होतेच. शिवाय तुमच्या नावाने चालणाऱ्या स्क्रिप्टला, रात्रीच्या क्रॉन जॉबला (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाला) आणि एखाद्या इन्स्टॉलरने आतल्या आत मागवलेल्या डाउनलोडलाही ती लागू होते. म्हणून प्रत्येक ओळीआधी एवढे विचारावे: आपण समोर नसताना चाललेल्या डाउनलोडला ही ओळ चालेल का? या प्रश्नावर बऱ्याच आकर्षक सेटिंग गळतात, आणि गळायलाच हव्यात.

पहिले काम म्हणजे मशीनवर नक्की कोणते डब्ल्यूगेट आहे ते पाहणे. ‘डब्ल्यूगेट --व्हर्जन’ चालवले की आवृत्तीबरोबर कोणत्या सेटिंग फाइल वाचल्या जातात त्यांचे पत्तेही छापले जातात. फेडोरा 40 पासून ‘डब्ल्यूगेट’ या नावामागे डब्ल्यूगेट2 आहे. त्याची सेटिंग फाइल वेगळी असते, त्यामुळे जुन्या फाइलीत कितीही बदल केले तरी काही फरक दिसत नाही. विंडोजच्या पॉवरशेल 5.1 मध्ये हेच नाव पॉवरशेलच्या स्वतःच्या एका कमांडचे टोपणनाव आहे, तिथे यातले काहीच लागू नाही.

फाइलींचा क्रम आधी समजून घ्यावा. प्रथम संपूर्ण मशीनची फाइल वाचली जाते, बहुतेक लिनक्सवर ती ‘ईटीसी’ फोल्डरात असते. मग तुमची फाइल, आणि शेवटी कमांडवर दिलेले पर्याय. जे नंतर येते ते आधीच्यावर मात करते. ‘डब्ल्यूगेटआरसी’ नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिमने प्रोग्रॅमला पुरवलेले नाव-मूल्य) दिलेले असेल तर होममधल्या फाइलीऐवजी त्यात सांगितलेली फाइल वाचली जाते. बदल केला तरी परिणाम दिसत नसेल तर हे व्हेरिएबल आधी तपासा.

लिहिण्याची पद्धत सोपी आहे: नाव, बरोबरचे चिन्ह, मूल्य. नावे आणि मूल्ये इथे देवनागरीत दिली आहेत, फाइलीत ती रोमन अक्षरांतच लागतात. लहान-मोठी लिपी, डॅश किंवा अंडरस्कोर यांनी नावात फरक पडत नाही. टिपणी मात्र वेगळ्या ओळीवर, सुरुवातीलाच हॅशचे चिन्ह देऊन लिहायची. ‘ट्राइज = 5’ च्या पुढे त्याच ओळीत टिपणी लिहिली तर ती मूल्याचा भाग धरली जाते आणि आकडा चुकीचा ठरतो. मूल्याभोवती अवतरणचिन्हेही नकोत. नावाचे स्पेलिंग चुकले तर डब्ल्यूगेट ओळीचा क्रमांक सांगून थांबते आणि एक्झिट कोड 2 (सेटिंग वाचताना चूक झाल्याचा आकडा) देते. म्हणजे एका चुकीच्या ओळीने तुमची सगळी डाउनलोड बंद पडतात, रात्रीचीसुद्धा. त्यामुळे फाइल सेव्ह केल्यावर लगेच एखादी छोटी फाइल उतरवून पाहणे टाळू नये.

सर्वात जास्त फायदा वेळेच्या सेटिंगमध्ये आहे. मुळात डब्ल्यूगेट 20 वेळा प्रयत्न करते आणि जोडलेल्या सर्व्हरकडून काहीच येत नसेल तर 900 सेकंद थांबते. सर्व्हर जोडणी घेऊन गप्प बसणारा असेल तर 20 गुणिले 15 मिनिटे, म्हणजे 5 तास, कमांड नुसती लटकून राहू शकते. ‘टाइमआउट = 60’ आणि ‘ट्राइज = 5’ या दोन ओळींनी हा काळ साधारण पाच मिनिटांवर येतो. टाइमआउट म्हणजे पूर्ण डाउनलोडची मुदत नव्हे. डेटा येता येता किती वेळ शांतता चालेल, एवढेच तो ठरवतो, त्यामुळे मोठ्या आयएसओ फाइलीला त्याचा त्रास नाही. हेच मूल्य सर्व्हरचे नाव शोधण्याला आणि जोडणीलाही लागू होते. 60 ऐवजी 10 ठेवण्याचा मोह होतो, पण अहवाल तयार करून मग पाठवणारे सर्व्हर पहिला बाइट द्यायलाच अर्धा मिनिट घेतात, आणि मग प्रत्येक प्रयत्न अर्ध्यावर तुटतो.

‘वेट-रिट्राय = 10’ हे मूळचेच मूल्य आहे: पहिल्या अपयशानंतर 1 सेकंद, दुसऱ्यानंतर 2, असे वाढत 10 पर्यंत. ते तसेच राहू द्यावे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ (सर्व्हरने जोडणी नाकारली) आणि 404 (फाइल सापडली नाही) आल्यास पुन्हा प्रयत्न होत नाही, हे ध्यानात ठेवा. सर्व्हर रीस्टार्ट होत असताना स्क्रिप्टला थांबून राहायचे असेल तर ‘रिट्राय-कनरिफ्यूज्ड = ऑन’ लागते, पण ते त्या स्क्रिप्टपुरतेच द्यावे.

वेगमर्यादेत गोंधळ होतो तो एककांचा. ‘लिमिट-रेट’ बाइटमध्ये मोजते, इंटरनेट कंपनी मेगाबिटमध्ये विकते. 20 मेगाबिटची लाइन म्हणजे सेकंदाला अडीच मेगाबाइट. निम्मी लाइन इतरांसाठी सोडायची तर ‘1200के’ लिहा. ‘10एम’ लिहिले तर मर्यादा लाइनच्या चौपट होते आणि काहीच अडत नाही. डब्ल्यूगेट हा वेग वाचनामध्ये थांबे घेऊन साधते, त्यामुळे अगदी लहान फाइलींवर मर्यादा दिसत नाही. तो बिघाड नव्हे.

मराठी फाइलनावे उतरवणाऱ्यांनी एक ओळ नक्की घालावी: ‘रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स = नोकंट्रोल’. लिनक्सवर डब्ल्यूगेट मुळात 128 ते 159 या बाइटना नियंत्रण-चिन्हे समजून टक्केचिन्हाच्या रूपात बदलते. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात आणि ‘क’ ते ‘ट’ पर्यंतच्या अक्षरांचा तिसरा बाइट नेमका या पट्ट्यात येतो: ‘क’चा 149. ‘ठ’चा 160 असल्याने तो वाचतो. काना आणि पहिली वेलांटी सुटतात. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त अडकतात. म्हणून ‘मराठा’ हे नाव जसेच्या तसे उतरते आणि ‘मराठी’ शेवटी मोडते. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, दोष सेटिंगचा आहे. फाइली पेनड्राइव्हवरून विंडोजवर न्यायच्या असतील तर ‘विंडोज’ हे मूल्यही स्वल्पविरामाने जोडा, म्हणजे प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम अशी तिथे न चालणारी चिन्हे नावातून जातात.

आता जे घालायचे नाही ते. सगळे डाउनलोड एका फोल्डरात जावे म्हणून ‘डर-प्रिफिक्स’ ठेवणे सोयीचे वाटते, पण ‘आधी उतरव, मग इथेच उघड’ अशा प्रत्येक स्क्रिप्टला मग फाइल सापडत नाही. अर्धवट डाउनलोड आपोआप पुढे नेणारे ‘कंटिन्यू = ऑन’ त्याहून घातक आहे. सर्व्हरवरची फाइल बदलून मोठी झाली असेल तर डब्ल्यूगेट जुन्या तुकड्याला नव्याचे शेपूट जोडते, आकार बरोबर दिसतो आणि फाइल मात्र निकामी असते. आकार तेवढाच असेल तर नवी फाइल उतरतच नाही. अर्धवट डाउनलोड पुढे न्यायचे तेव्हा ‘-सी’ हाताने द्यावे. ‘टाइमस्टॅम्पिंग’ (सर्व्हरवरची फाइल नवी असेल तरच उतरवणे) आणि ‘नो-क्लॉबर’ (असलेली फाइल न बदलणे) ही जोडी एकत्र चालत नाही, दोन्ही असतील तर डब्ल्यूगेट सुरूच होत नाही. आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची तपासणी बंद करणारे ‘चेक-सर्टिफिकेट = ऑफ’ कधीही कायमचे लिहू नये. ऑफिसच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र ओळखले जात नसेल तर ते प्रमाणपत्र फाइलीत ठेवून ‘सीए-सर्टिफिकेट’ने तिचा पूर्ण पत्ता द्या. तपासणी बंद केली तर ती बँकेसकट सगळ्यांसाठी बंद होते.

पासवर्ड कमांडवर लिहिला तर त्या मशीनवरच्या इतरांना तो ‘पीएस’च्या (चालू कमांड दाखवणाऱ्या) यादीत दिसू शकतो, म्हणून लोक तो सेटिंग फाइलीत हलवतात. तिथे तो कोणत्याही एका सर्व्हरशी बांधलेला नसतो, जो सर्व्हर मागेल त्याला दिला जातो. ‘हेडर’मध्ये (विनंतीबरोबर जाणाऱ्या जादा ओळीत) टोकन, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त खूण, लिहिले तर ते न मागताच प्रत्येक विनंतीबरोबर जाते. त्याऐवजी ‘.नेटआरसी’ फाइलीत सर्व्हरच्या नावासह लिहा आणि तिची परवानगी 600 (फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल अशी) करा. प्रॉक्सीचा (ऑफिसच्या नेटवर्कमधल्या मध्यस्थ सर्व्हरचा) पत्ता मात्र लॅपटॉप एकाच जागी राहणार असेल तरच इथे ठेवा. घरी नेल्यावर तोच पत्ता सगळी डाउनलोड अडवतो.

ज्या सेटिंग रोजच्या नाहीत त्यांच्यासाठी दुसरी फाइल करा आणि कमांडवर ‘--कॉन्फिग’ने तिचे नाव द्या. अशा वेळी तुमची नेहमीची फाइल वाचली जात नाही, म्हणून टाइमआउटच्या ओळी तिथेही लिहाव्या लागतात. एखाद्याच वेळी एखादी ओळ बदलायची असेल तर ‘-ई’ पर्याय पुरतो, तो सेटिंग फाइलीनंतर वाचला जातो. एखादे डाउनलोड विचित्र वागू लागले तर तीच कमांड ‘--नो-कॉन्फिग’ लावून पुन्हा चालवा. ती नीट चालली तर दोष सेटिंग फाइलीतल्याच एखाद्या ओळीचा. मग ओळींपुढे एकेक करून हॅश लावत जा.