पेडलबोर्डसाठी भरवशाची पॅच केबल कशी निवडावी, कशी तपासावी

गिटारचा आवाज बदलणारी पेडलं ज्या फळीवर मांडतात तो पेडलबोर्ड, आणि एका पेडलला पुढच्याशी जोडणारी छोटी केबल म्हणजे पॅच केबल. सहा पेडलांच्या बोर्डावर पाच पॅच केबली लागतात. म्हणजे दहा प्लग, आणि प्रत्येक प्लगात दोन असे वीस जोड. गिटारचा आवाज या सगळ्यांतून एकापाठोपाठ एक जातो, त्यामुळे एक जोड सुटला तरी पुढचा आवाज जातो किंवा बिघडतो. गणपतीत कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या मंडळाच्या स्टेजवर, गाणं निम्म्यात असताना, वाकून पाचांतली कुठली केबल दगा देतेय हे शोधायची वेळ कुणावर येऊ नये. ती बहुधा येते कारण पेडलांवर भरपूर खर्च होतो आणि केबली उरलेल्या पैशांत, मिळतील तशा घेतल्या जातात. महागडी वायर हा त्यावरचा उपाय नव्हे. प्लग कसा आहे आणि वायर त्याच्यात कशी धरली आहे, यावर केबलचा भरवसा ठरतो.

आधी मोजमाप, मग खरेदी

पेडलं बोर्डावर मांडून घ्या, पण लगेच चिकटवू नका. बॉस कंपनीचं नेहमीचं छोटं पेडल ७३ मिमी रुंद असतं. त्याचा इनपुट उजव्या बाजूला आणि आउटपुट डाव्या बाजूला असतो, म्हणून बोर्डावर सिग्नल उजवीकडून डावीकडे जातो. काही पेडलांचे जॅक मागच्या कडेला असतात. ती एकमेकांना अगदी चिकटून बसतात, पण त्यांना मागे जागा सोडावी लागते. बाजूला जॅक असलेल्या दोन पेडलांमध्ये चपटे प्लग वापरणार असाल तर साधारण ३ सेमी मोकळे ठेवा. जाड मोल्डेड (वायरीवर प्लास्टिक ओतून बंद केलेले) प्लग असतील तर ४ ते ५ सेमी लागतात.

लांबी पट्टीने मोजू नका, सुतळीने मोजा. सुतळीचं एक टोक एका जॅकपाशी धरा, केबल जिथून वळेल तिथून तिला सैल वळवत दुसऱ्या जॅकपर्यंत न्या, आणि त्यात ३ सेमी जादा धरा. शेजारच्या पेडलांना बहुधा १५ सेमी पुरतात. खालच्या रांगेतून वरच्या रांगेत जायला ३० ते ४५ सेमी लागतात. ताणून बसवलेली केबल पेडलवर पाय पडला की दर वेळी प्लगाला ओढते, आणि जोड तिथेच सुटतो. उलट अर्धा मीटर फालतू गुंडाळी बोर्डाखाली कोंबली की ती अ‍ॅडॅप्टरच्या तारांशेजारी जाऊन बसते आणि हम, म्हणजे घूं असा सततचा गुणगुणाट, उचलते.

प्लग हातात घेऊन बघा

लागतो तो ६.३५ मिमीचा मोनो प्लग. त्याच्या दांड्यावर एकच काळी रिंग असते. दोन रिंगा असल्या तर तो स्टिरिओ प्लग. तो एक्स्प्रेशन पेडलला (पायाने वर-खाली करून परिणाम कमी-जास्त करायचं पेडल) किंवा स्टिरिओ आउटपुटला लागतो, साध्या पॅचला नको.

दुकानात उभ्या उभ्या एक तपासणी करता येते. एका हातात प्लगाचं अंग धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत टोकाची टिप धरून पिळून बघा. टिप जराही फिरली तर तो प्लग परत ठेवा. टिपेपासून आत जाणारी दांडी आतल्या पत्र्याच्या कानाला (ज्याला तार सोल्डर करतात) रिव्हेट करून बसवलेली असते. स्वस्त प्लगात ते रिव्हेट सैल पडतं. मग सोल्डर कितीही चांगलं असलं तरी आवाज खरखरतो, आणि दोष दिसत नाही कारण जोड बाहेरून शाबूत असतो. प्लग जॅकमध्ये घातला की शेवटी 'टक्' असा ठाम धक्का जाणवायला हवा. आपोआप घसरून बाहेर येणारा प्लग रिहर्सलला चालून जाईल, कार्यक्रमात चालणार नाही.

सोन्याचा मुलामा पावसाळी हवेत काळवंडत नाही हे खरं, पण तो मऊ असतो आणि सारखं काढ-घाल केल्याने झिजतो. निकेलचा मुलामा टणक असतो, मधूनमधून पुसावा लागतो इतकंच. पॅच केबलसाठी निकेल पुरेसं आहे.

दोन आडवे (काटकोनात वळलेले) प्लग असलेल्या तयार केबलमध्ये आणखी एक खोच असते. काहींमध्ये दोन्ही प्लग एकाच दिशेला तोंड करून असतात, काहींमध्ये विरुद्ध दिशांना. १५ सेमीच्या केबलला वळायला वावच नसतो. दिशा चुकली तर ती पिळलेल्या अवस्थेतच बसते आणि काही महिन्यांत आतली तार तुटते. आपल्या दोन जॅकची तोंडं कुठे आहेत ते कागदावर काढून न्या.

वायरच नसलेले, दोन्हीकडे प्लग असलेले छोटे कपलर मिळतात. ते टाळाच. दोन पेडलं लोखंडी कांबीने जोडल्यासारखी होतात. एकावर पाय पडला की दुसऱ्याच्या जॅकवर ताण येतो, आणि जॅक सर्किट बोर्डावरच सोल्डर केलेला असेल तर तिथे तडा जातो. केबल बदलता येते, पेडलचा सर्किट बोर्ड दुरुस्त करणं अवघड.

वायर

स्पीकरची दुहेरी वायर इथे चालत नाही. तिला शील्ड (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं धातूचं वेष्टण) नसतं, त्यामुळे ट्यूबलाइटपासून मोबाइलपर्यंत सगळं ऐकू येतं. मधे एक तार आणि भोवती तांब्याचं शील्ड असलेली, ४ ते ६ मिमी जाडीची वायर घ्या. शील्ड विणलेलं असेल तर उत्तम, गुंडाळलेलं असेल तर वळायला सोपं. फक्त पातळ फॉइल असेल तर नको, सारखं वाकवलं की ते फाटतं.

कपॅसिटन्सची (वायरीत वीज साठून राहण्याच्या गुणाची, जो वाढला की वरचे सूर दबतात) चर्चा फार होते, म्हणून जरा हिशोब करू. गिटारच्या बऱ्याच वायरींचा कपॅसिटन्स मीटरला १०० ते १६० पिकोफॅरड असतो. पाच पॅच केबली प्रत्येकी २० सेमीच्या धरल्या तर मिळून १ मीटर, म्हणजे १६० च्या आत. गिटारपासून बोर्डापर्यंत ६ मीटर आणि बोर्डापासून अ‍ॅम्पपर्यंत ६ मीटर केबल असेल, तर १३० च्या दराने त्या दोघींचेच १,५६० होतात. तेव्हा आवाज बोथट वाटत असेल तर बोट पॅच केबलीकडे दाखवू नका. सगळी पेडलं ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सर्किटात न नेता सरळ पुढे सोडणारी) असतील तर बंद असताना ही सगळी लांबी गिटारच्या पिकअपवर (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) पडते आणि वरचे सूर दबतात. वाटेत एक बफर (सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट) आला की त्याच्या पुढच्या केबलीची लांबी जाणवेनाशी होते. बॉसच्या बहुतेक छोट्या पेडलांत तो असतो, टीयू-३ ट्यूनरमध्येही आहे. जुन्या धाटणीचा फझ (आवाज फाटका, भरड करणारं पेडल) मात्र बफरच्या आधी ठेवा. त्याला थेट पिकअप लागतो, नाहीतर तो किरकिरा वाजतो.

तयार, स्क्रूची की सोल्डरची?

मोल्डेड प्लगाची तयार केबल चांगली असू शकते, पण ती उघडता येत नाही. बिघडली की टाकायचीच. स्क्रूने आवळायची, सोल्डर न लागणारी किट्स घरातल्या बोर्डाला सोयीची आहेत. मात्र त्यात वायर अगदी सरळ कापावी लागते, आणि प्लास्टिक हळूहळू दबलं की पकड सैल होते. बोर्ड मोटरसायकलच्या मागे बांधून किंवा एसटीच्या डिकीतून गारगोटी, गडहिंग्लजला जाणार असेल, तर रस्त्याच्या हादऱ्यांनी ते स्क्रू ढिले होणारच. फिरत्या बोर्डाला झाकण उघडणारा, सोल्डर केलेला प्लग हवा असं आमचं ठाम मत आहे. न्यूट्रिक, स्विचक्राफ्ट अशा कंपन्यांचे आडवे प्लग त्यासाठी मुद्दाम मागवण्याजोगे आहेत.

सहा पेडलांसाठी २ मीटर वायर आणि १२ प्लग घ्या. दोन प्लग आणि उरलेली वायर जादा केबलसाठी.

केबल बनवताना

२५ ते ४० वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि फ्लक्स असलेली ६०/४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर वायर पुरते. डब्यातली पेस्ट शक्यतो वापरू नका. ती पुसायची राहिली तर ओलाव्यात तांबं हिरवं पडतं.

सरळ प्लग असेल तर त्याचं नळकांडं आधी वायरवर ओवून घ्या. नाहीतर जोड पूर्ण झाल्यावर ते टेबलावरच राहिलेलं दिसतं, आणि सगळं पुन्हा उकलावं लागतं. आडव्या प्लगाला झाकण असल्याने ही कटकट नाही.

बाहेरचं आवरण टोकापासून १५ मिमी सोला. ब्लेड फिरवताना दाब हलका ठेवा, शील्डच्या चार तारा कापल्या गेल्या तर तिथूनच ते पुढे तुटत जातं. शील्ड एका बाजूला घेऊन पिळा. आता आतली तार नीट बघा. पुष्कळ चांगल्या वायरींमध्ये आतल्या इन्सुलेशनवर आणखी एक पातळ काळा थर असतो. तो साध्या प्लास्टिकसारखा दिसतो, पण त्यात कार्बन असतो आणि तो वीज वाहतो. केबल हलल्यावर येणारा 'ठक ठक' आवाज कमी करणं हे त्याचं काम. नवखा माणूस हा थर तसाच टिपेच्या कानापर्यंत नेतो. मग आवाज येतो, पण दबलेला. मीटरवर धड शॉर्ट दिसत नाही आणि दोष सापडता सापडत नाही. म्हणून काळा थर शील्ड जिथे वळवलं तिथपर्यंत, निदान ५ मिमी, मागे सोला. त्यानंतर आतलं इन्सुलेशन ३ ते ४ मिमी काढा.

तार, शील्ड आणि प्लगाचे दोन्ही कान यांना आधी स्वतंत्रपणे सोल्डर चढवून घ्या. मग तार टिपेच्या कानाला टेकवा आणि आयर्नचं टोक दोन-तीन सेकंद लावा. सोल्डर पाण्यासारखं पसरलं की आयर्न उचला, पण हात हलवू नका. ते गोठेपर्यंत तार हलली तर जोड दाणेदार, राखाडी दिसतो. तो कच्चा असतो, आज वाजतो आणि महिन्याने सुटतो. चांगला जोड चकचकीत आणि तारेला बिलगलेला दिसतो. शील्डचा कान मोठा असल्यामुळे त्याला तापायला जास्त वेळ लागतो. तिथे घाई केली तर कच्चा जोड, आणि फार वेळ धरलं तर आतलं इन्सुलेशन वितळून शॉर्ट.

शेवटी प्लगाचे पत्र्याचे पंजे बाहेरच्या आवरणावर आवळा, फक्त शील्डवर नव्हे. ओढ पंज्यांनी घ्यायची असते, सोल्डरने नाही. झाकण लावण्याआधी टिपेच्या कानावर हीट श्रिंकचा (तापवल्यावर आकसणाऱ्या नळीचा) तुकडा चढवा, म्हणजे झाकणाचा पत्रा त्याला टेकणार नाही.

तपासणी बोर्डाबाहेरच

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड असला की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. टिप ते टिप वाजायला हवं, दांडा ते दांडा वाजायला हवं, टिप ते दांडा वाजता कामा नये. मग ओहमवर घेऊन टिप ते टिप मोजा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा केल्यावर १ ओहमच्या बराच खाली आकडा यावा. आकडा बघत असतानाच केबल प्लगाच्या तोंडाशी चारी बाजूंना वाकवा. आकडा उडी मारत असेल तर केबल नापास. नवीन, पाकिटबंद केबलचीही हीच परीक्षा घ्या.

हे बोर्डावर लावून का तपासू नये, तर सगळी पेडलं एकाच अ‍ॅडॅप्टरवर साखळीने जोडलेली असतील तेव्हा त्यांचं ग्राउंड पॉवरच्या तारेतूनही जुळलेलं असतं. एखाद्या पॅच केबलचं शील्ड तुटलं तरी आवाज येत राहतो, फक्त हम वाढते, आणि माणूस अ‍ॅडॅप्टरला दोष देत बसतो.

मीटरनंतर ती केबल एकटीच गिटार आणि अ‍ॅम्पमध्ये लावून ऐका. छोटी केबल पुरत नसेल तर एकच पेडल मधे घ्या. आवाज अजिबात नाही तर टिप आणि शील्ड शॉर्ट असण्याची शक्यता जास्त. लांबून आल्यासारखा, पातळ, फक्त वरचे सूर असलेला आवाज म्हणजे आतली तार तुटली. जोरात घुमणारी हम म्हणजे शील्ड सुटलं. प्लग फिरवल्यावरच खरखर होत असेल तर आधी पेडलचा जॅक पुसा, त्याचा नट आवळा, मग केबलवर संशय घ्या.

पावसाळा आणि स्टेज

कोल्हापुरात जूनपासून हवा इतकी दमट असते की महिनाभर न काढलेला प्लग मळकट होतो. गणेशोत्सव नेमका पावसाळ्याच्या शेवटी येतो, म्हणून कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी सगळे प्लग काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा आणि पुन्हा घाला. पॉलिश पेपर लावू नका, मुलामा जातो आणि खालचं पितळ आणखी लवकर काळं पडतं. बोर्डाच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

बोर्डावर पॅच केबली आणि पॉवरच्या तारा समांतर नेऊ नका. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. केबल बांधायचे टाय फार आवळू नका, आणि प्लगापासून पहिले ३ सेमी मोकळेच सोडा.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना आकड्याची चिकटपट्टी लावा. स्टेजवर आवाज गेलाच तर गिटारची केबल काढून थेट मधल्या पेडलला लावा. आवाज आला तर दोष आधीच्या अर्ध्यात, नाही आला तर पुढच्या अर्ध्यात. मग उरलेल्याचा पुन्हा अर्धा. सहा पेडलांत दोन-तीन वेळा केलं की केबल सापडते. तिच्या जागी लावायला बोर्डावरच्या सर्वांत लांब केबलीएवढी एक जादा केबल बॅगेच्या वरच्या कप्प्यात असू द्या. लांब केबल कुठेही पुरते, आखूड पुरत नाही.