टेक्ससमध्ये नवीन आलात? आधी इन्शुरन्सचं कार्ड बघा

फ्रिस्को-प्लॅनोकडे नव्याने आलेल्यांना शाळा कुठली, गाडी कुठली हे सांगणारे ढीगभर भेटतात. कॅन्सरचा विषय मात्र कुणी काढत नाही. अभद्र कशाला बोला! म्हणून मीच बोलतो.

कार्डावर 'टीडीआय' किंवा 'डीओआय' छापलंय का बघा. असेल तर पॉलिसी टेक्ससच्या विमा खात्याखाली येते आणि राज्याचे कायदे सहसा लागू होतात. ते कामाचे आहेत. मॅमोग्राममध्ये काही शंकास्पद दिसलं, डॉक्टरांनी परत बोलावलं, की ती तपासणी 'डायग्नॉस्टिक' ठरते. पहिली फुकट आणि दुसरीचं बिल हातात, असं पूर्वी सर्रास व्हायचं. २०२१ च्या कायद्याने दुसरीलाही पहिलीइतकंच कव्हरेज द्यावं लागतं. केमोच्या गोळ्यांचंही तसंच: सलाइनमधून दिलेल्या केमोपेक्षा त्यांना वाईट वागणूक देता येत नाही.

ती अक्षरं नसतील तर एचआरला थेट विचारा, 'प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का?' बहुतेक मोठ्या कंपन्यांचे तसेच असतात. कार्डावरची इन्शुरन्स कंपनी नुसता कारभार बघते, पैसे तुमच्या कंपनीचे. १९७४ च्या 'एरिसा' या केंद्रीय कायद्यामुळे अशा प्लॅनवर राज्याची सक्ती चालत नाही. त्यामुळे शेजारच्या काकूंना मिळालं म्हणजे तुम्हालाही मिळेल, हे विसरा. शिवाय न्यू जर्सीच्या कन्सल्टन्सीकडून इथे आला असाल तर पॉलिसी तिथली असू शकते, मग कायदेही सहसा तिथलेच.

काही गोष्टी सेल्फ-फंडेडमध्येही मिळतात. प्लॅन स्तन काढण्याची शस्त्रक्रिया कव्हर करत असेल, तर १९९८ च्या केंद्रीय कायद्याने पुनर्रचनेचा खर्चही त्यात यावा लागतो. नकाराचं पत्र आलं तर फोनवर वाद घालत बसू नका, लेखी अपील करा. मुदत १८० दिवसांची. तेही फेटाळलं आणि मुद्दा वैद्यकीय असेल, तर चार महिन्यांत बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी मागता येते. उपचार तातडीचे असतील तर डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या. मग निर्णय ७२ तासांत द्यावा लागतो.

आईबाबा सहा महिने राहायला येणार असतील तर यातलं काहीही धरून चालू नका. व्हिजिटर इन्शुरन्स हा वेगळाच प्रकार, जुना आजार त्यात बहुधा वगळलेला असतो. आईची मॅमोग्राफी राहिली असेल तर तिकीट काढण्याआधी तिकडेच करून घ्या.