उलट्या दाराला बळकटी

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये मागं बिजागरी असलेल्या दाराची पिकअप आली, की मी आधी दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचलतो. बिजागरीत खटखट झाली तर पिन झिजलीय. बिजागऱ्या ज्यावर बसतात त्या गाडीच्या खांबाचा पत्राच हलला, तर खरं काम तिथं. गिऱ्हाईक मात्र जाड बिजागऱ्याच मागतं!

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. दार जॅकवर टेकवून फटी सारख्या करा. मग खांबाच्या आत ४० बाय ४० मिमीचा, ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप छतापासून खालपर्यंत न्या, दोन्ही टोकं वेल्ड करा. बिजागरीमागं ५ मिमीची पट्टी, बोल्ट ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे. वेल्डिंग तुकड्यातुकड्यानं, सलग ओढलं की पत्रा पापडासारखा वाकतो. बिजागऱ्यांमधलं अंतर जेवढं जास्त, तेवढं दार कमी लोंबतं.

लॉकवर पैसे वाचवू नका. धावत्या गाडीत हे दार सुटलं तर वारा ते सताड उघडतो. दोन टप्प्यांचं लॅच, म्हणजे दार पुरतं लागलं नाही तरी पहिल्या टप्प्यावर धरून ठेवणारं, पाहिजेच, शिवाय वेगळी खिटीही. सीटबेल्टच्या बोल्टजवळ ड्रिल मारायचं नाही. शेवटी गंज रोखणारा झिंक प्रायमर. आणि हे सगळं करण्याआधी आरटीओची परवानगी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे.