पंचगंगेत वल्हवताय? मग या चुका टाळा

पहाटे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर या, म्हणजे ही नदी किती जणांची आहे ते कळेल. पट्टीचे पोहणारे, धुणं धुणाऱ्या बायका, पाण्यात बसलेल्या म्हशी, जाळं लावून बसलेला एखादा. त्यातून आपली आठ मीटर लांबीची, कागदासारखी हलकी स्कल, म्हणजे दोन्ही हातांत एकेक वल्हं धरून चालवायची बोट, काढायची असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मागं वळून न बघणं. वल्हवणारा बसतो उलटा. बोट जिकडं जाते तिकडं त्याची पाठ. कॉक्स, म्हणजे पुढं तोंड करून बसणारा सुकाणूवाला, नसेल तर बोटीला डोळेच नाहीत. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पाण्यावर धुकं असताना दोन पोरांनी डबल स्कल, म्हणजे दोघांची बोट, काढली. आंतरविद्यापीठ स्पर्धा तोंडावर आलेली, त्यामुळं दोघांचं चित्त मिनिटाला स्ट्रोक किती पडतात यात. रोज पोहायला येणारे साठीतले एक काका मधोमध होते, तोंड पाण्यात. मी पायऱ्यांवरून जीव तोडून ओरडलो. पोरांनी पाती पाण्यात उभी रोखलीही, पण बोटीला ब्रेक नसतो. पात्याची कड काकांच्या खांद्यावर बसली. वीतभर अलीकडं असती तर डोक्यात बसली असती. काठाला आल्यावर काका एवढंच म्हणाले, "बाळांनो, मी दिसलो नाही व्हय रे?" पोरं मान खाली घालून उभी. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्यांना पाण्यात मीच सोडलं होतं.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. दर पाच स्ट्रोकनंतर मान वळवायची, एकदा या खांद्यावरून, एकदा त्या. डबलमध्ये हे काम बो सीटवरच्याचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळ बसलेल्याचं, आणि तो बघतोय की नाही हे दुसऱ्यानं विचारायचं. पलीकडचा काठ दिसत नसेल तर बोट पाण्यात घालायची नाही. मान वळवली की लय तुटते, अशी नव्या पोरांची तक्रार असते. तुटू दे. महिनाभरात मान वळवूनही लय सांभाळता येते, पण तेवढा धीर कुणाला नसतो.

उजव्या अंगानं जायचं, हा आमच्यातला नियम. इथंही घोळ होतो, कारण बोटीची उजवी म्हणजे उलट्या बसलेल्या तुमचा डावा हात. म्हणून मी 'उजवीकडं' म्हणतच नाही, 'बावड्याच्या बाजूला', 'चिखलीच्या बाजूला' असं सांगतो.

बोट उलटली की सोडून काठाकडं पोहत सुटणं ही दुसरी चूक, आणि ती चांगले पोहणारेच करतात. आमचा एक पोरगा असाच निघाला आणि जलपर्णीत पाय गुंतून दमला. बोट बुडत नाही, तीच धरून राहा. निघण्याआधी बोटीत बसवलेल्या बुटांच्या टाचेची दोरी तपासा. ती तुटलेली असली तर उलटल्यावर पाय बुटातून सुटत नाही. मी रोज प्रत्येक टाच हातानं ओढून बघतो. वेळ लागतो, लागू दे.

बोटीच्या टोकाचा रबरी चेंडू नसेल तर बोट रॅकवरच राहू द्या. कॉक्सनं लाइफ जॅकेट घालायचंच. नवख्यानं एकट्यानं जायचं नाही.

आता बंधारा. राजाराम बंधाऱ्यावरून पाणी पडत असताना जवळ जायचंच नाही. वरून पाणी सपाट, शांत दिसतं, पण खाली पडलेलं पाणी उलटं फिरतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतं. तिथं पोहण्याचा उपयोग होत नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. बंधाऱ्याजवळ इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, म्हणून 'अजून 30च आहे' असं सांगत येणारी पोरं मला भेटतात. ते आकडे काठावरच्या वस्तीसाठी आहेत, बोटीसाठी नव्हेत. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. ते पाणी वाहून आणलेल्या ओंडक्यांसकट आपल्यापर्यंत येतं. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की मी वल्ही धुऊन ठेवतो. पाणी निवळलं, प्रवाह संथ झाला की मगच पुन्हा बाहेर काढतो.

घाटावर आमची एक वही असते. जाताना नाव आणि वेळ, आल्यावर पुन्हा वेळ. एखाद्या नावापुढचा दुसरा रकाना मोकळा असला की मी घरी जात नाही.