मासेमारीची खबर ऐकून बेत आखताना या चुका टाळा

भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर ‘मासा जोरात आहे’ अशी खबर शनिवारी रात्री मोबाइलवर येते आणि रविवारी पहाटे चार जण दांड्या बांधून निघतात. दुपारी रिकाम्या पिशव्या घेऊन परतताना खबर देणाऱ्याच्या नावाने बोटे मोडली जातात. माझ्या अनुभवात खबर बहुधा खरी असते; मासा कशाने, केव्हा आणि किती पाण्यात निघाला, एवढे विचारायचे तेवढे राहून गेलेले असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जाळ्याची खबर गरीला, म्हणजे गळाला, लावणे. फाल्गुनात ‘तीन क्विंटल माल निघाला’ या निरोपावर मी एका तलावावर गेलो, तेव्हा पाळीवर ओली जाळी वाळत होती, काठच्या चिखलात खवले चमकत होते आणि पाणी दुधाच्या चहासारखे गढूळ झाले होते. तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेच्या ठेक्यात होता आणि ढिवर बांधवांनी आदल्याच दिवशी ओढजाळे फिरवले होते. निरोपात खोटे काहीच नव्हते, पण तो माल बाजाराचा होता, आणि जाळ्याने बिथरलेला उरलासुरला मासा काही दिवस तरी चाऱ्याकडे फिरकत नाही. उन्हाळ्याकडे पाणी उतरू लागले की अशी काढणी वाढते, म्हणून त्या दिवसांत मोठ्या वजनाचा आकडा ऐकला की मी आधी जाळे केव्हा पडले हे विचारतो आणि मगच गाडीत पेट्रोल भरतो.

दुसरी चूक चाऱ्याच्या खोलीची. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या पाण्यात आणि मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे ‘कणकेच्या गोळ्याला मासा लागला’ हे वाक्य अर्धेच आहे. गरी तरंग्याखाली किती हात सोडली होती, हे कळल्याशिवाय तोच गोळा, तोच काठ आणि तीच वेळ साधूनही हाती काही येत नाही. सायप्रिनसची (कॉमन कार्पची) खबर असेल, तर मात्र तळ धरून बसावे.

‘पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत होते’ ही खबर ऐकून तर अनेक जण हुरळतात. शेवाळ आणि पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावात रात्रभर प्राणवायू खर्च होत राहतो आणि उजाडायच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. अशा वेळी रोहू-कटला वर येतो तो श्वासासाठी, भुकेसाठी नव्हे, आणि त्याच्या तोंडासमोर चारा धरला तरी तो घेईलच असे नाही. ऊन चढेपर्यंत थांबणे हाच त्यावरचा उपाय. मरळीचे तेवढे वेगळे आहे, कारण ती हवेतला श्वास घेणारी असल्यामुळे दिवसभरात केव्हाही वर येते.

धरणांच्या जलसाठ्याचे आकडे वर्तमानपत्रात छापून येतात, पण तेही चुकीचे वाचले जातात. टक्केवारी सहसा उपयुक्त साठ्याची असते, त्यामुळे बारा टक्के वाचून धरण कोरडे पडले असे समजू नये. मृतसाठा, म्हणजे दारांतून सोडता न येणारे तळाचे पाणी, त्याखाली असतोच, आणि आटत्या पाण्यात मासा उरलेल्या खोल जागी एकवटतो. टक्क्यांपेक्षा पाणी चढते आहे की उतरते आहे हे पाहावे, म्हणजे निदान तीन-चार दिवसांचे आकडे शेजारी ठेवावेत. कालव्याला पाणी सोडल्याने पातळी भराभर उतरत असेल, तर आठवड्यापूर्वी सांगितलेला काठ आता चिखलात असतो. गोसीखुर्दच्या ३३ दारांपैकी काही उघडली असतील, तर खालच्या अंगाला वैनगंगेच्या पात्रात उतरूच नये, मग खबर कितीही चांगली असो.

समुद्रातल्या पावसाळी बंदीची बातमी वाचून आपल्या तलावाचा हिशेब करू नये. तलाव कोणाकडे ठेक्याने आहे आणि गरी टाकू देतात का, हे संस्थेच्या माणसालाच विचारावे. पेंच राष्ट्रीय उद्यानातल्या तोतलाडोहसारख्या पाण्यावर ‘मासा भरपूर आहे’ असे कोणी कळवले, तर ती खबर तिथेच सोडावी. तिथे मासेमारी गुन्हा आहे. जंगलालगतच्या काठावर अंधारात एकट्याने बसणेही नको.

राहिला प्रश्न शिळ्या खबरेचा. डिसेंबरच्या कडाक्यात मासा मंदावतो, म्हणून दिवाळीच्या सुमाराची खबर पौषात उपयोगाची नसते. मी आठवडी बाजारात मासळी घेऊन बसणाऱ्या बाईंना विचारतो, कारण टोपलीत काल काय आले आणि आज काय आले हे त्यांच्या डोळ्यांसमोर असते. मागच्या वेळी त्यांनी रोहूचा कल्ला उचलून दाखवला आणि म्हणाल्या, ‘हा आजचा आहे दादा, पण आपल्या तलावातला नाही, बर्फातून आला.’ मी दांड्या परत माळ्यावर ठेवल्या आणि अर्धा किलो झिंगे घेऊन घरी आलो.