कुत्र्या-मांजरांसाठी झाडपाल्याची औषधं: काय वापरायचं आणि कशाला हात लावायचा नाही

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यामुळे "झाडपाल्याचं आहे, अपाय काही होणार नाही" हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडते. झाड पळू शकत नाही. कुणी खाऊ नये म्हणून ते अंगात कडू, जहाल रसायनं साठवतं, आणि त्यातल्याच काहींना आपण औषध म्हणतो. घरात बंड्या नावाचा कुत्रा आणि मनी नावाची मांजर आहे. दोघांवर मी घरगुती उपाय करते, पण दोघांचे उपाय वेगळे. माझ्या कपाटात कायम असतात त्या वस्तू मोजक्याच: इसबगोल, ओट्सचं पीठ, मीठ, कोरफडीचं रोप, आलं आणि थर्मामीटर. थर्मामीटर वनस्पती नाही हे मला माहीत आहे, पण सगळ्यात जास्त कामाला तोच येतो.

मांजरापासून सुरुवात करते, कारण घरगुती उपायांनी तिचाच घात जास्त होतो. शरीरात शिरलेली रसायनं निकामी करण्यासाठी यकृत त्यांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं आणि मग ती लघवीवाटे बाहेर जातात. मांजराच्या यकृतात या कामाची यंत्रणा फार दुबळी असते. लवंग तेलातला युजेनॉल, ओव्याच्या अर्कातला थायमॉल, विलो झाडाच्या सालीतली सॅलिसिलेटं (ॲस्पिरिनच्या जातीची द्रव्यं), असल्या गोष्टी तिच्या अंगात साठत राहतात. कुत्र्याला चालणारा डोस वजनाच्या हिशेबाने कमी करून मांजराला दिला तरी तो सुरक्षित होत नाही. त्यात मांजर दिवसभर अंग चाटते, म्हणजे कातडीवर लावलेलं सगळं पोटात जाणारच. म्हणून मनीच्या अंगाला मी कुठलंही सुगंधी तेल लावत नाही आणि खोलीत डिफ्यूझरही चालवत नाही. टी ट्री तेल तर कुत्र्यालाही नको. त्याच्या काही थेंबांनी जनावर लटपटतं, थरथरतं, निपचित पडतं.

औषधाआधी जनावर बघा

ताप गुदद्वारातून मोजायचा, थर्मामीटरच्या टोकाला जरासं व्हॅसलीन लावून. कुत्रा आणि मांजर दोघांचंही नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे माणसाच्या हिशेबाने ती कायम थोडी तापलेलीच लागतात. नाक गरम आहे की थंड, यावरून काही कळत नाही. मग ओठ वर करून हिरडी बघायची. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती सावकाश खाली बसत असेल तर अंगातलं पाणी कमी झालं आहे. शेवटी वजन. मांजराला उचलून आपण काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

ताप ३९.५ च्या वर असेल, हिरडी पांढरी, निळसर किंवा पिवळी दिसत असेल, उलटीत वा शौचात रक्त असेल, शौच डांबरासारखी काळी असेल, पोट फुगलेलं असून कुत्रा नुसता ओकायचा प्रयत्न करत असेल, पिल्लाला जुलाब लागले असतील, किंवा मांजराने दीड-दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नसेल, तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि मूळ आजारापेक्षा तेच भारी पडतं.

पोट

घरगुती उपाय खरोखर गुण देतात ते इथे. कुत्र्याची शौच पातळ झाली आहे, पण तो खेळतोय आणि पाणी पितोय, अशा वेळी लाल भोपळा. साल आणि बिया काढून नुसता उकडायचा आणि कुस्करायचा. मीठ, तेल, साखर, मसाला काही नको. लहान कुत्र्याला जेवणात दोन-तीन छोटे चमचे, मोठ्याला तीन-चार मोठे चमचे, मांजराला एक छोटा चमचा. भोपळ्यातला विरघळणारा चोथा पाणी धरून ठेवतो, म्हणून पातळ शौच घट्ट होते आणि कडक झालेली मऊ होते. सोबत एक-दोन दिवस जेवण साधं: उकडलेला भात आणि बिनहाडाचं, बिनकातडीचं उकडलेलं चिकन, थोडं थोडं करून चार वेळा. दोन दिवसांत फरक पडला नाही तर भोपळ्याचं काम संपलं. जंत असतील, दुसरा काही संसर्ग असेल, त्यावर भोपळा काय करणार?

बद्धकोष्ठाला इसबगोल. त्याचा नियम एकच, पण तो मोडायचा नाही: कोरडं द्यायचं नाही. पाच किलोच्या कुत्र्याला पाव छोटा चमचा, वीस किलोच्याला एक छोटा चमचा, भरपूर पाण्यात भिजवून, फुगल्यावर ओल्या जेवणात मिसळून. पाणी कमी पडलं तर तेच आतड्यात गोळा होऊन बसतं. दुसरं कुठलं औषध चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध त्या चिकट थरात अडकून नीट शोषलं जात नाही.

आता इथे एक गोष्ट ठासून सांगते. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, कण्हतो, बाहेर काही येत नाही, आणि घरच्यांना वाटतं पोट साफ होत नाही. पुष्कळदा ती अडकलेली लघवी असते. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. ती बंद झाली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. ट्रेमधली माती ओली झाली आहे का, हे आधी बघा. नसेल तर इसबगोल बाजूला ठेवा आणि रात्र असली तरी निघा.

गाडीत बसलं की बंड्या ओकायचा. त्यासाठी आलं. निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी ताजं किसून चिमूटभर, मोठ्या कुत्र्याला अर्ध्या छोट्या चमच्यापर्यंत, जेवणाच्या एका घासात. निघण्याआधी पोटभर जेवण नको आणि गाडीची काच थोडी खाली. आल्याने रक्त गोठायला जरा उशीर लागू शकतो, म्हणून रक्तस्रावाचा त्रास असलेल्या जनावराला देऊ नये.

खाज आणि कातडी

खाजेला माझा पहिला उपाय ओट्स. ओट्समध्ये अव्हेनॅन्थ्रामाइड नावाची द्रव्यं असतात आणि ती दाह कमी करतात. साधे, बिनचवीचे, बिनसाखरेचे ओट्स मिक्सरमधून पिठासारखे बारीक करा. एक चमचा पीठ ग्लासभर पाण्यात टाकून ढवळल्यावर पाणी दुधाळ झालं तर दळण जमलं. तळाशी चुरा बसला तर पुन्हा फिरवा. टबात कोमट पाणी घ्या, गरम अजिबात नको, कारण गरम पाण्याने खाज वाढते. लहान कुत्र्याला पाव वाटी, मोठ्याला वाटीभर पीठ. अंगावर मगाने ते पाणी घालत दहा मिनिटं थांबायचं. काखा, जांघा आणि बोटांच्या बेचक्या विसरू नका, खाजेचं मूळ बहुधा तिथेच असतं. मग साध्या पाण्याने हलकं धुऊन टॉवेलने टिपायचं. चोळायचं नाही. कुत्रा ते पाणी थोडंसं चाटतोच, त्याने बिघडत नाही. ओलसर, कुजकट वास येणारी कातडी असेल तर मात्र हे करू नका. तिथे बहुधा यीस्ट नावाची बुरशी वाढलेली असते आणि तिला ओलावा हवाच असतो.

कोरफड वापरताना पान कापून उभं ठेवा आणि पिवळा चीक पूर्ण निथळू द्या. त्या चिकात ॲलॉइन असतं, पोटात गेलं की जुलाब लागतात. मग साल काढून आतला पारदर्शक गर धुऊन घ्यायचा आणि खरचटलेल्या, उन्हाने लाल झालेल्या जागी पातळ लावायचा. वाळेपर्यंत जनावराला चाटू द्यायचं नाही. चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घालायचा प्लास्टिकचा कोन मिळतो तो घाला, नाहीतर मीच करते तसं शेजारी बसून पोट खाजवत राहा. मांजराला मी कोरफड लावत नाही.

छोटी जखम धुवायला मिठाचं पाणी पुरतं: उकळून गार केलेल्या पाव लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ. हळद भुरभुरवायचा मोह आवरा. पूड जखमेत चिकटून बसते, सगळं पिवळं होतं आणि खाली पू झाला तरी दिसत नाही. चाव्याच्या जखमेवर घरी उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. वरून दाताचं भोक दिसतं, आत खिसा तयार झालेला असतो.

गोचीड आणि पिसवा

कडुनिंबावर लोकांचा फार विश्वास, आणि अगदीच वाया जाणारा नाही. त्यातल्या ॲझाडिरॅक्टिनमुळे किड्यांची वाढ आणि अंडी घालणं बिघडतं. पण चिकटलेला गोचीड त्याने गळून पडत नाही. तेल लावायचंच असेल तर फक्त कुत्र्याला, एक भाग कडुनिंबाचं तेल आणि वीस भाग खोबरेल. आधी काखेत थेंबभर लावून दिवसभर थांबा, लाल झालं नाही तरच पुढे जा. मांजराला कडुनिंबाचं तेल नको. खोबरेलात कापूर कालवणं तर कुत्र्यालाही नको. कापूर कातडीतूनच अंगात शिरतो आणि झटके आणतो.

गोचीड काढायला बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ, सावकाश ओढा. पिळू नका, त्यावर तेल ओतू नका, काडी पेटवून चटका देऊ नका. चिडलेला गोचीड पोटातलं सगळं जखमेत ओकतो. गोचिडांमुळे बेबेसिया आणि एर्लिकिया हे रक्ताचे आजार होतात, त्यामुळे जिथे गोचिडांचा सुळसुळाट आहे तिथे डॉक्टरांनी दिलेलं औषधच वापरा. मीही बंड्यासाठी तेच वापरते, वनस्पतिशास्त्र बाजूला ठेवून.

पिसवांचं वेगळं. जनावराच्या अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीची अंडी-अळ्या अंथरुणात आणि फटीत असतात. बारीक दातांच्या फणीने विंचरून फणी साबणाच्या पाण्यात बुडवणं, अंथरूण खूप गरम पाण्यात धुणं, रोज व्हॅक्यूम करणं, यात कुठलीही वनस्पती नाही, पण गुण यातच आहे. आणि कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असू शकतं. शेवंतीच्या कुळातल्या फुलांत निसर्गतः असणाऱ्या पायरेथ्रिनचा तो प्रयोगशाळेतला भाऊ, आणि मांजराला जीवघेणा.

बाकीचं थोडक्यात

कानात तेल, लसूण, व्हिनेगर काहीही घालू नका. कुत्र्याच्या कानाची नळी खाली जाऊन आत वळते, पडदा फाटला आहे का ते बाहेरून दिसत नाही.

घाबरट मांजरीला कॅटनिप (पुदिन्याच्या कुळातला, मांजरांना झिंग आणणारा पाला) देऊन बघा, पण सगळ्याच मांजरांवर चालत नाही, तो गुण वंशातून येतो. पिल्लांवर तर चालतच नाही. मनी त्या पाल्यावर दहा मिनिटं लोळते आणि मग पुष्कळ वेळ त्याकडे ढुंकून बघत नाही. झोप यावी म्हणून जायफळ कुणालाही देऊ नका.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांना हळद द्यावी का, असं बरेच जण विचारतात. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं. मिरपूड घातली की शोषण वाढतं खरं, पण चालू असलेल्या इतर औषधांचंही वाढतं, आणि ते धोक्याचं. वजन कमी करणं आणि घसरत्या फरशीवर सतरंजी टाकणं याने बंड्याच्या मागच्या पायांना जेवढा आराम पडला तेवढा कुठल्याच पुडीने पडलेला मी पाहिला नाही.

कांदा आणि लसूण, कच्चे, शिजवलेले किंवा पूड केलेले, जंतांसाठी म्हणूनही नकोत. त्यांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि लक्षणं कित्येकदा काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. माणसांचे तयार काढे आणि खोकल्याची सिरपं बाटलीवरची यादी वाचल्याशिवाय आणूच नका: बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, साखरेऐवजी घालतात त्या झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते, ज्येष्ठमध रक्तदाब वाढवतं, आणि आसवांत मद्यार्क असतो. जनावराने विषारी काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्या मिठानेच जीव जाऊ शकतो. पाकीट किंवा पानाचा तुकडा सोबत घेऊन दवाखान्यात जा.

वही

एका वेळी एकच वनस्पती सुरू करायची. तारीख, वजन, किती दिलं, किती वाजता, शौच कशी झाली, भूक कशी आहे, हे वहीत लिहायचं. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला, बारा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला, यकृत वा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या जनावराला यातलं पोटात काहीच द्यायचं नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर आलं आणि हळद दोन आठवडे आधी बंद करा, आणि दवाखान्यात वही घेऊन जा. घरी काय दिलं हे सांगायला लाजू नका. डॉक्टर रागावले तरी चालेल, पण भुलीचं औषध ठरवण्याआधी त्यांना हे कळायला हवं.