गावात जलसंधारणाचं श्रमदान करताय? या चुका टाळा

एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर बहुतेक कॉलेजं डिसेंबर-जानेवारीत लावतात. परीक्षा झालेल्या असतात, थंडीत काम सोसतं. पण मराठवाड्यातले बरेच ओढे तोवर आटतात. कोरड्या ओढ्यात वनराई बंधारा (मातीने भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता बांध) घालून फोटो तेवढा छान येतो. बंधारा घालायचा तो पाऊस सरल्यावर, ओढ्याला धार असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मग त्याचं पाणी हरभऱ्याला, गव्हाला मिळतं. शिबिराची तारीख हलत नसेल, तर बंधाऱ्याचा नाद सोडा आणि टेकडीच्या माथ्यावर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीतले) खोदा. काम तसंही माथ्याकडून पायथ्याकडेच यायला हवं.

बंधारा गळतोय? बहुधा पोत्यांचे सांधे एका रेषेत आलेत. विटा रचतात तसे सांधे मोडा, फटींत चिकणमाती ठासा. पोती भरायला काठ मात्र खणू नका, पुढच्या पुरात तोच ढासळतो. आणि उन्हाने पोत्यांच्या चिंध्या व्हायच्या आत ती उचलायला या! हे काम कुणाच्याच अहवालात नसतं.

चरांची रेषा नजरेने मारणं ही सर्रास होणारी चूक. उतार डोळ्याला फसवतो. ए-फ्रेम (पातळी पाहायची, ओळंबा लावलेली A आकाराची चौकट) घ्या, फक्कीने खुणा करा, मगच कुदळ उचला. चर जरा जरी कलला तरी पाणी सखल टोकाला धावतं, तिथे फोडतं आणि खाली घळ पाडतं. फुटलेला चर नुसता बुजवू नका. पातळी पुन्हा तपासा, मध्ये मध्ये न खोदलेले आडवे खंड राहू द्या. माती चराच्या खालच्या अंगाला टाका. वर टाकली तर पहिल्याच पावसात परत चरात.

बैठक भरदुपारी लावली तर पारावर कोण येणार? रात्री जेवणं उरकल्यावर बसा. हंडा वाहणाऱ्या बायकांना आधी विचारा. कोणती विहीर कधी तळ गाठते, हे त्यांना तोंडपाठ असतं.

किती मीटर चर खोदले याचाच हिशेब ठेवू नका. ठरावीक विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबरअखेर आणि मेअखेर मोजा, सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आत. सोबत गावचा पाऊसही लिहा: एका हेक्टरवर 1 मिमी म्हणजे 10,000 लिटर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात असा पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात. तुमचे आकडेही कॉलेजच्या फायलीत जाण्याआधी ग्रामसभेत वाचले जाऊ द्या.